बाबांची सतरा आकडी संख्या

बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. मधे दोघा-तिघांनी "ब्लॉग बंद केलास का गं?" असं विचारलंही. बंद नाही केला. लिहायला विषय नव्हता असंही नाही, पण हात धजत नव्हता. शिवाय नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात आणि त्यातले निम्मे जण फोनवर "बाबांचं कसं काय?" असं विचारतात. प्रत्येकाला मी "बरं आहे, हळूहळू" एवढंच सांगते. आज जरा सविस्तर सांगते. फक्त सरळ सांगणं जमणार नाही, एका आकड्यावरून सांगावं लागेल. बाबांना ओळखणाऱ्यांना त्यात काही नवल वाटणार नाही!

तो आकडा हा:

१२३४५६७८९८७६५४३२१

"आकडा नाही, संख्या. आकडे दहाच असतात." इति बाबा. माझ्या लहानपणी हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. तर, संख्या. सतरा आकडी. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि नऊवरून पुन्हा एकपर्यंत उतरायचं. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच.

मी चौथीत असेन. आमचं डोंबिवलीतलं घर, पहिला मजला, दोन खोल्या. बाबा रोज सकाळची लोकल पकडून व्ही. टी.ला ऑफिसला जायचे आणि रात्री साडेसातला परत. रविवार दुपार मात्र माझी. आई आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि आम्ही दोघं बाहेर चौकटीच्या वहीवर काहीतरी खेळत बसायचो. बाबा कारकून होते, गणिताचे मास्तर वगैरे नव्हते. पण गणिताची त्यांना हौस होती, जशी कुणाला पेटीची असते तशी. एका रविवारी ते म्हणाले, "एक गुणाकार कर. अकरा गुणिले अकरा." १२१. "आता एकशे अकरा गुणिले एकशे अकरा." १२३२१. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? पुढे कर."

पुढे केलं. एक हजार एकशे अकराचा वर्ग १२३४३२१. मग पाच एक, सहा एक... असं करत करत नऊ एकांपर्यंत. पान आडवं धरूनही नऊ एकांचा गुणाकार मावेना, म्हणून बाबांनी दोन पानं डिंकाने चिकटवून दिली. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. अगदी जिन्यासारखं दिसायचं ते. मग उभी बेरीज. उजवीकडच्या शेवटच्या उभ्या घरात एकच एक, त्याच्या शेजारी दोन, मग तीन... मधल्या घरात बरोब्बर नऊ, आणि तिथून पुढे पुन्हा कमी कमी होत शेवटी एक. उत्तर कुणी "काढलं" असं वाटलंच नाही. ते तिथे होतंच, फक्त मोजायचं होतं.

"यात जादू कुठे आहे सांग," बाबांनी विचारलं. मी म्हटलं, सगळीच जादू आहे. ते म्हणाले, "एकाही घरात हातचा आला नाही, ही जादू."

हे मला कळायला पुढची काही वर्षं लागली. नऊ ओळींत नऊ-नऊ म्हणजे एकूण एक्क्याऐंशी एक आपण पानावर मांडले. कुठेही हातचा आला नाही, त्यामुळे एकही एक हरवला नाही. म्हणून उत्तरातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा, ती ८१च येते. चढताना एक ते नऊ म्हणजे ४५, उतरताना आठ ते एक म्हणजे ३६, मिळून ८१. नवाचा वर्ग. आणि गंमत म्हणजे या ८१ने त्या अख्ख्या संख्येला निःशेष भाग जातो. उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, आणि तेही १२३४५६७९चा वर्ग! (यात आठ नाही, नीट बघा. छपाईची चूक नव्हे.) ही आठ गाळलेली संख्या शाळेत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिला नवाने गुणलं की नऊ एक मिळतात, त्रेसष्टने गुणलं की नऊ सात.

आता दहा एक घेऊन बघा. बाबांनी मला ते करू दिलं, मुद्दामच. मी मोठ्या उत्साहाने पानाला तिसरं पान चिकटवलं. मधल्या घरात दहा आले. शून्य मांडून हातचा एक. शेजारी नऊ आणि हातचा एक, दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढे आठ आणि एक, नऊ. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शहाण्यासारखी नऊपर्यंत चढून आलेली आणि डाव्या बाजूचा आठ गायब. शंभर एक मांडले होते, पण उत्तरातल्या आकड्यांची बेरीज भरते ८२. अठरा कुठे गेले? दर हातच्याला नऊ. दहा इथे द्यायचे आणि पलीकडच्या घरात एकच मिळायचा. दोन हातचे, अठरा गेले. मी रडवेली झाले होते. बाबा म्हणाले, "अगं, चुकलं नाहीये. हातचा आला की असंच होतं."

असो. आता या संख्येचा आणि डोंबिवलीचा संबंध सांगते, कारण बाबांचा अर्धा जीव त्यातच होता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव बऱ्याच जणांना ६१७४मुळे माहीत असतं. कोणतीही चार आकडी संख्या घ्या (चारही आकडे सारखे नकोत), आकडे उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. हे शोधणारे कापरेकर जन्माने डहाणूचे. १९०५ साली जन्मले, शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीला शाळेत मास्तर. विद्यापीठातली खुर्ची नाही, मोठी पदवी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जाणत्या गणितींना हे सगळं पोरखेळच वाटायचं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हे मास्तर माहीत झाले. १९८६मध्ये ते गेले.

तर या कापरेकरांनी १९३८मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' नावाच्या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला, 'अद्भुत डेम्लो संख्यां'वर. त्या अद्भुत संख्या म्हणजे ह्याच: १, १२१, १२३२१... आणि त्या रांगेच्या टोकाला आमची सतरा आकडी. आणि डेम्लो म्हणजे काय? तर जी. आय. पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं एक स्टेशन. त्या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला म्हणून तेच नाव त्यांनी ठेवलं. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली!

बाबांना हे कळलं त्या दिवशी ते स्टेशनवरून चालत घरी न येता जवळजवळ पळत आले होते, असं आई सांगते. मग आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, आधी चहा आणि मग डेम्लो. (काका, मामा, तुम्हाला आठवत असेलच. तुमच्यापैकी किमान दोघं "ट्रेन चुकेल" म्हणून उठले होते!) पुढे कितीतरी वर्षं, गर्दीत फलाटावर उभं राहून मला ते सांगायचे, "या गर्दीत एका माणसाला दिसलं. बाकीचे आपण नुसते गाडीची वाट बघतो." आता कापरेकरांच्या काळात डोंबिवलीला कसली गर्दी! पण ते बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता.

डेम्लो संख्येची खूण बाबांनी मला अशी शिकवली. सुरुवातीचा भाग आणि शेवटचा भाग यांची बेरीज केली की मधला आकडाच पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे. १६५ घ्या. एक आणि पाच सहा, मधे सहा. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, मधे दोन्ही पाच. १२३२१ घ्या. बारा आणि एकवीस तेहेतीस, मधे तीन. आणि आमची संख्या? मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा.

९९९९९९९९.

आठही घरांत नऊ. एकाला आठ, दोनाला सात, तीनाला सहा. चढताना जेवढं कमी, उतरताना तेवढं जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी बाबा चहाचा कप उचलायला गेले आणि तो उचललाच गेला नाही. आईने "अहो, काय झालं?" विचारलं तर तोंडातून भलतंच काहीतरी आलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. मी पुण्याहून पोचेपर्यंत दुपार झाली होती. पुढचे दिवस सांगत बसत नाही, ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना न सांगितलेलं बरं.

तिथल्या रात्री फार लांब असायच्या. बाबा झोपलेले, मी खुर्चीत, हातात फोन. काहीतरी वाचायचं म्हणून मी बाबांचीच संख्या शोधायला लागले. आणि सापडलं काय, तर या खेळाला हजार वर्षांहून जास्त काळ झालाय. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त असे गुणाकार मुद्दाम दिले आहेत की उत्तरं गळ्यातल्या कंठ्यासारखी यावीत, दोन्ही टोकांकडून सारखी. २७९९४६८१ला ४४१ने गुणा, १२३४५६५४३२१ येतात. आमच्याच संख्येची धाकटी बहीण, सहापर्यंतच चढलेली! आणि ती आठ गाळलेली १२३४५६७९ गुणिले नऊ, तीही तिथे आहेच. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वॉर्डमधल्या प्रत्येकाला उठवून सांगितलं असतं. मी त्यांच्या कानाशी सांगितलंही. कळलं की नाही, माहीत नाही.

तीन-चार आठवड्यांनी स्पीच थेरपिस्ट बाई घरी यायला लागल्या. तरुण मुलगी, अतिशय गोड. बाबांना तेव्हा "चहा" म्हणता येत नव्हतं. आईचं नाव येत नव्हतं. माझं तर नाहीच. त्या म्हणाल्या, "काका, एक ते दहा म्हणू या?" आणि स्वतः "एक, दोन" अशी सुरुवात करून दिली. बाबांनी "तीन" म्हटलं. मग चार, पाच, सहा... अगदी स्वच्छ, खणखणीत! आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग बेचा पाढा झाला. मग मी सहज "एकं, दहं, शतं" म्हटलं आणि बाबांनी सहस्र, दशसहस्र, लक्ष करत खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध असं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. लहानपणी याच नावांनी ते मला ती संख्या वाचून दाखवायचे: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू... (आणि मी विचारायची, "सुरुवातीलाच मध्य कसा हो?") आम्हाला वाटलं, झालं, बाबा परत आले.

थेरपिस्ट बाईंनी हळूच समजावलं. पाठ असलेलं, लहानपणी घोटलेलं असं जे असतं, पाढे, स्तोत्रं, वार, आकडे, ते बरेचदा वाचतं. ते आपोआप येतं. पण आपोआप आलेलं बोलणं आणि स्वतः ठरवून बोललेलं बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी. मग त्या म्हणाल्या, "काका, आता उलटे म्हणा. नऊ, आठ..."

बाबा म्हणाले, "नऊ." आणि थांबले. मग "दहा". मग "अकरा". त्यांना कळत होतं की चुकतंय. डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. "नऊ... दहा."

चढता येत होतं. उतरता येत नव्हतं.

ज्या माणसाने मला ती संख्या दिली, त्याला तिचा पुढचा अर्धा भागच म्हणता येईना. त्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. घरचे हे आज पहिल्यांदाच वाचतील. असू दे.

पुढे पुण्याला ऑफिसमध्ये एक दिवस काम सुचत नव्हतं, म्हणून समोरच्या स्प्रेडशीटमध्ये मी ती संख्या टाईप केली. एंटर दाबलं आणि बघते तर १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन आकडे गायब! शेजारच्या टेबलवरच्या मुलाने सांगितलं की हे असंच असतं, पहिले पंधरा आकडे ते नीट सांभाळतं आणि पुढच्यांच्या जागी शून्यं भरतं. म्हणजे यंत्रसुद्धा अगदी शेवटच्या दोन पायऱ्या उतरताना गळपटतं. मला उगाचच हसू आलं. मग वाटलं, बाबांनी ही संख्या कधी यंत्रावर केलीच नव्हती. कागदावर केली होती. एकेक घर करून.

त्या शनिवारी डोंबिवलीला जाताना मी चौकटीची वही नेली. बाबांच्या डाव्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही चढा." त्यांना कळलं. वाकडेतिकडे, पानभर मोठे, पण १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ लिहिले त्यांनी. मग मी पेन घेतलं आणि त्यांच्या प्रत्येक आकड्याखाली माझा आकडा लिहिला: ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. खाली रेघ मारली आणि पेन परत त्यांच्या हातात दिलं.

पहिल्या घराशी ते बराच वेळ थांबले. मग नऊ लिहिला. दुसऱ्या घरात नऊ. तिसऱ्यात लिहिताना ते हसायला लागले. अर्धाच चेहरा हसतो अजून, पण तो हसला. आठही नऊ लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डें... डेंब..." पुढचं आलं नाही. पण डेम्लो म्हणायचं होतं की डोंबिवली, हा प्रश्नच नव्हता. दोन्ही एकच!

त्यानंतर तो आमचा खेळच झाला. ते चढतात, मी उतरते. बेरीज त्यांची. मी नसते तेव्हा आई उतरते. आधी ती "मला नाही बाई तुमचं ते गणित जमत" म्हणायची, पण आता माझ्यापेक्षा भराभर लिहिते. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात तिने डेम्लोला पहिल्यांदाच हात लावला. मग महिन्या-दोन महिन्यांनी बाबा माझ्या हातातलं पेन काढून घेऊन खालची ओळ स्वतः लिहायला लागले. आधी आठ, सात, आणि मग गोंधळ. वरचा आकडा बघून, नऊ व्हायला काय हवं ते मनाशी मोजून, सहा. पुन्हा वर बघून पाच. पाठांतराने नाही, मोजून. ही ओळ त्यांना आपोआप येत नाही, एकेक आकडा ते कमावतात. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, हेच तर हवंय.

आता जिन्याचं सांगते आणि थांबते.

आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिला मजला, मधे एक वळण, वळणाच्या खाली नऊ पायऱ्या, वर नऊ. मी लहानपणी त्या मोजत चढायची. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. चढणं बाबांना तसं लवकर जमलं. उतरणं नाही. खाली बघितलं की भीती वाटायची, कठडा घट्ट धरून उभे राहायचे आणि मग मागे फिरायचे. कितीतरी महिने घराबाहेर जायचं म्हणजे दोघांनी खुर्चीत बसवून उचलून न्यायचं. बाबांना त्याची फार लाज वाटायची. शेवटी शेवटी ते डॉक्टरकडे जायलाही नको म्हणायला लागले.

मागच्या रविवारी मी घरी होते. दुपारी आई आडवी झालेली. बाबा काठी घेऊन दाराशी गेले आणि मला मानेने खूण केली. मी म्हटलं, "बाबा, आईला उठवू का?" नको. आम्ही दोघंच गेलो. वरच्या नऊ पायऱ्या मला धरून कशाबशा उतरलो. वळणावर ते थांबले, दम खाल्ला. मग माझा हात त्यांनी बाजूला केला, डाव्या हाताने कठडा धरला, खाली बघितलं आणि म्हणाले, "नऊ."

उजवा पाय खाली. मग डावा.

"आठ." पाय. "सात." पाय. मी त्यांच्या एक पायरी खाली, उलटी, तोंड त्यांच्याकडे करून उतरत होते, हात पुढे पण न लावता. "सहा." "पाच." मग शब्द अडकला. ओठ हलले, पण चार काही येईना. मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं. पाय मात्र थांबला नाही. शब्दावाचूनच ती पायरी उतरला. मग "तीन". मग "दोन".

"एक" म्हणताना ते खाली अंगणात उभे होते.

तळमजल्यावरच्या काकू दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "अरे वा, आज खाली कसे काय?" बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, काठीने स्टेशनच्या दिशेला दाखवलं आणि हसले. स्टेशनपर्यंत काही गेलो नाही आम्ही, फाटकापर्यंतच. तिथे दहा मिनिटं उभे राहून येणारी-जाणारी माणसं पाहिली.

परत येताना नऊही पायऱ्या ते मोजत चढले. त्यात एकही आकडा अडकला नाही.

तर काका, मामा, मावशी, "बाबांचं कसं काय?" याचं उत्तर हे असं आहे. चढताना सगळं, उतरताना एक चार राहिला. परत फोन कराल तेव्हा त्यांना द्या असं सांगा. बोलणं जमेलच असं नाही, पण तुम्ही "एक" म्हणा, ते "आठ" म्हणतील. तेवढ्यापुरता वेळ काढून फोन करा. डेम्लोचं व्याख्यान आता होणार नाही, ट्रेन चुकायची भीती नाही.